एचटॉपच्या कोडमध्ये भर घालायची आहे, सुरुवात कुठून करू?

नवा_पॅच: नमस्कार मंडळी. सी बऱ्यापैकी येते, दिवसभर एचटॉप (चालू प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, आणि त्यांची मेमरी दाखवणारं साधन) उघडा असतो. आरएसएसमध्ये (प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेली जागा) शेअर्ड, म्हणजे अनेकांनी मिळून वापरलेली, मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पूर्ण धरली जाते, म्हणून पीएसएसचा (शेअर्ड मेमरी वापरणाऱ्यांत वाटून धरणारा आकडा) रकाना घालून तो कायम चालू ठेवावा म्हणतोय. कोणी या कोडवर काम केलंय का?

प्रॉक_वाचक: पीएसएस आधीपासून आहे. एफ२ दाबून रकान्यांच्या यादीत बघा, एम_पीएसएस सापडेल. मात्र तो मुळात बंद ठेवलाय, आणि ते योग्यच आहे. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रत्येक प्रोसेसची माहिती फाइलींत देतो. आरएसएस त्यातल्या 'स्टॅटएम' फाइलच्या एका ओळीत मिळतो, पण पीएसएससाठी कर्नेलला त्या प्रोसेसची पेज टेबलं (मेमरी कुठे आहे त्याच्या नोंदी) चाळावी लागतात. कर्नेल ४.१४ पासून 'स्मॅप्स_रोलअप' फाइलमध्ये आयती बेरीज मिळते, तरी चाळणं चुकत नाही. हजारभर प्रोसेस असलेल्या सर्व्हरवर दर दीड सेकंदाला हे सुरू झालं, तर मोजणाराच यादीत वर येऊन बसेल. सर्व्हर आधीच गुदमरलेला असताना लोक हे साधन उघडतात. तेव्हा ते हलकंच हवं, यावर माझी तडजोड नाही.

सुरुवात लिनक्स फोल्डरातल्या 'स्टॅट' फाइल वाचणाऱ्या फंक्शनपासून करा. त्या ओळीत प्रोसेसचं नाव कंसात असतं, आणि नावातच स्पेस किंवा कंस असू शकतो. ओळ स्पेसवर तोडली की पुढचे सगळे आकडे सरकतात. म्हणून शेवटचा बंद कंस शोधून तिथून पुढे मोजायचं. शिवाय प्रोसेसची यादी वाचली आणि फाइल उघडली एवढ्यात प्रोसेस संपलेली असू शकते. ती चूक धरायची नाही, पुढच्या प्रोसेसकडे वळायचं.

बीएसडीकर: सहमत. फक्त लिनक्स धरून चालू नका. मॅक, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी यांची वेगळी फोल्डरं आहेत, सामायिक फाइलीत हात घातलात तर तिकडेही कंपाइल व्हायला हवं.

नवा_पॅच: म्हणजे नवं काही घालूच नये का?

प्रॉक_वाचक: घाला की! हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २०२० मध्ये इतरांनी पुढे नेला, तोही साचलेले पॅच (लोकांनी पाठवलेले कोडमधले बदल) तपासून, घेऊनच. पण आधी दुसऱ्याने नोंदवलेला एखादा बग आपल्या मशीनवर घडवून बघा. कॉन्फिगर करताना डीबग चालू ठेवा, आणि कर्नेलची आवृत्ती व नेमक्या पायऱ्या त्या बगच्या नोंदीत लिहा. तेवढं मिळालं तरी सांभाळणाऱ्यांचं अर्धं काम होतं.