बी विंग रहिवासी ग्रुप : बोलत बोलत लिफ्टशी आलं की कॉल का तुटतो?

904 काकू : सगळ्यांना विचारते. घरात फोन छान चालतो, पण बोलत बोलत दार ओढून लिफ्टशी आलं की "हॅलो, हॅलो" सुरू आणि मग कटच. काल ह्यांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकचा फोन असाच अर्ध्यात गेला. मलाच होतंय का?

1102 : नाही हो काकू. अख्ख्या विंगचं रडगाणं आहे.

603 : कंपनी बदला म्हणणार होतो, पण मी पोर्ट करून बसलोय. लिफ्टसमोर नवीन कंपनीही मान टाकते 😂

1203 : काकू, घरात असताना वरच्या पट्टीत कंपनीच्या नावाशेजारी "वायफाय" किंवा "व्हीओवायफाय" असं काही दिसतं का?

904 काकू : हो, दिसतं. नातवाने दिवाळीत काहीतरी चालू करून दिलं होतं. त्याचे वेगळे पैसे पडतात का?

1203 : नाही. ते वायफाय कॉलिंग, म्हणजे कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो. पैसे नेहमीच्याच प्लॅनमधले. आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये दिल्लीपासून सुरू केलं, जिओने जानेवारी 2020 मध्ये देशभर. घरच्या इंटरनेटचा डेटा जातो, तोही पाच मिनिटांच्या कॉलला पाचेक एमबी. चालूच राहू द्या, कारण आपल्या घरांत त्याशिवाय भागणार नाही. बिल्डिंग मिवानची आहे, म्हणजे विटा नाहीतच, आतल्या भिंतीसुद्धा सळ्या घातलेलं काँक्रीट. टॉवरचा सिग्नल बेडरूमपर्यंत पोचता पोचता दम तोडतो.

302 : टँकर आला का आज? किचनला थेंब नाही.

सेक्रेटरी : टँकर गेटवर आहे. पाण्याचं पाण्याच्या ग्रुपवर टाका प्लीज.

904 काकू : पण मग तुटतो का ते सांगा ना.

1203 : सांगतो, जरा लांबेल. तुमचा कॉल वायफायवरून जावो नाहीतर 4जीवरून, शेवटी पोचतो कंपनीच्या एकाच यंत्रणेत. घरात असताना फोन इंटरनेटवरून कंपनीपर्यंत एक कुलूपबंद वाट उघडतो आणि सिम दाखवून ओळख पटवतो. बाहेर पडलात की तोच कॉल 4जीवर उचलून ठेवला जातो, नंबर तोच, कॉलही तोच, समोरच्याला कळतही नाही. जुन्या हायवेवरून एक्स्प्रेस वेला लागल्यासारखं. फक्त त्या वेळी 4जी बऱ्यापैकी हजर पाहिजे. तिथे 2जीच येत असेल तर वायफायवरचा कॉल त्यावर सरकत नाही, सरळ तुटतो. आणि जिओचं तर 2जी नाहीच.

आता आपली लॉबी बघा. वायफाय दाराबाहेर दोन-चार पावलांत मरायला टेकतं. फोन मात्र त्याला चिकटून बसतो, कारण सेटिंगमध्ये वायफायला पहिली पसंती दिलेली असते. तो सोडू का नको करतोय तोवर तुम्ही लिफ्टमध्ये. स्टीलचं दार लागलं की दोन्ही गेले.

1104 : एवढं कशाला, व्हॉट्सअ‍ॅप कॉल करा ना. तो नंतर परत जोडला जातो.

1203 : ताई, बरोबर आहे, ते अ‍ॅप स्वतः "रीकनेक्टिंग" करत राहतं. पण क्लिनिकचा लँडलाइन कुठून व्हॉट्सअ‍ॅपवर असणार?

904 काकू : लँडलाइनच आहे. आणि तिथली मुलगी परत फोन उचलेल तर शपथ.

802 : मी घरात एअरप्लेन मोड टाकून वर वायफाय चालू करतो. आवाज खणखणीत.

1203 : घरात बसून बोलायचं असेल तर उत्तम. पण त्यात टॉवरशी संबंधच तोडलात, मग दाराबाहेर कॉल जाणार कुठे? आणि तसंच खाली गेलात तर कोणाचाही फोन लागणार नाही.

802 : गेल्या आठवड्यात बायको ह्याच कारणाने भडकली होती बहुतेक 🙈

701 सर : सगळ्यावर एकच उपाय, बूस्टर. ऑनलाइन मिळतात. वर्गणी काढू आणि लॉबीत लावून टाकू.

सेक्रेटरी : सर, नको. मोबाइल सिग्नलचा बूस्टर परवान्याशिवाय बाळगणंही बेकायदेशीर आहे. शिवाय तो टॉवरच्या कामात गोंधळ घालतो, आजूबाजूच्यांचेही कॉल बिघडतात. दूरसंचार खात्याची माणसं यंत्र घेऊन शोधत येतात. नोटीस सोसायटीच्या नावावर येईल, म्हणजे माझ्या.

701 सर : मग उघडउघड विकतात कसे?

सेक्रेटरी : ते विकणाऱ्यांना विचारा.

1203 : काकू, राउटर कुठे आहे तुमचा?

904 काकू : दारामागे, चपलांच्या कपाटाच्या वर. बिल्डरने दिलेल्या त्या डब्यात. दिसायला बरा दिसत नाही म्हणून झाकण लावून टाकलंय.

1203 : पत्र्याचा डबा, वर पत्र्याचं झाकण. वायफाय बिचारं बाहेर येणार कुठून? फोटो टाका.

904 काकू : (फोटो) धुळीकडे बघू नका.

1203 : धूळ राहू दे. तो बाहेर काढून कपाटावर ठेवा, वायर पुरेल. आणि लॉबीकडे जाताना नावात "5जी" असलेल्या वायफायवर राहू नका. ते 5 गिगाहर्ट्झवालं, टॉवरच्या 5जीशी त्याचा काही संबंध नाही, आणि भिंतींपुढे ते लवकर हात टेकतं. साध्या नावाचं घ्या, ते लांब जातं. दोन सिम असतील तर वायफाय कॉलिंगचं बटण दोन्ही सिमना वेगवेगळं असतं, तेही बघा.

1102 : आमच्याकडे सगळं नीट आहे, पण लाइट गेली की कॉल तुटतो. जनरेटर असून.

1203 : जनरेटर लागेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात, पण राउटर आणि फायबरचा डबा पुन्हा उभे राहायला दोन-तीन मिनिटं घेतात. छोटा 12 व्होल्टचा यूपीएस मिळतो, दोन्ही डबे त्यावर टाका. लाइट गेलेली फोनला कळणारही नाही.

सेक्रेटरी : लॉबी आणि बेसमेंटसाठी खरा मार्ग म्हणजे कंपन्यांकडून इन-बिल्डिंग सोल्युशन करून घेणं. डक्टमधून केबल आणि मजल्यांवर छोटे अँटेना. जागा आणि वीज आपण द्यायची. 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं स्टार रेटिंग द्यायचे नियमही काढलेत. विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेतो.

501 : अँटेना म्हणजे रेडिएशन आलं. माझा विरोध लिहून घ्या.

1203 : मॅडम, सिग्नल अशक्त असला की तुमच्या कानाजवळचा फोनच जास्त जोर लावतो. अँटेना जवळ आला की तो जोर कमी होतो. रविवारी बोलूच.

603 : एकाच कंपनीची सोय होणार असेल तर माझाही विरोध. सगळ्यांची एकत्र होणार असेल तर सही घ्या.

सेक्रेटरी : हा मुद्दा बरोबर. पत्रात तशीच अट घालतो.

904 काकू : राउटर काढला बाहेर. आता वायफाय पार लिफ्टच्या दारापर्यंत येतंय. पण कॉल आता लॉबीत न तुटता लिफ्टच्या आत तुटतो 🤦‍♀️

1203 : हो, तसंच होणार. जिन्याच्या खिडकीशी 4जी चांगलं येतं. फोन चालू असेल तेव्हा तिथवर जा, पट्टीतलं "वायफाय" गेलेलं दिसलं की तसंच जिन्याने उतरा. लिफ्टमध्ये 4जीवरचा कॉलही टिकेल असं नाही.

904 काकू : नऊ मजले? डॉक्टर गुडघ्यांचे आहेत हो.