नव्या मशीनवर विंडोज ७ : गरज की हट्ट?

बिटबाजीराव
"नव्या हार्डवेअरवर विंडोज ७ चढतच नाही" हे हल्ली सुविचारासारखं सांगितलं जातं. चढतं. अडतं ते ठरावीक जागी, आणि का अडतं हे कळलं की वाटही निघते. सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि पैसे मोजून मिळणारे जादा सुरक्षा अपडेटही १० जानेवारी २०२३ ला थांबले, हे धरूनच बोलतोय.

बहुतेक जण पडतात ते यूएसबीपाशी. पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो, भाषा निवडायची स्क्रीन येते आणि कीबोर्ड-माउस मुके होतात. नाहीतर 'सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर नाही' असा संदेश येतो. डीव्हीडीचा तिथे काडीचा संबंध नसतो. तोवर पेन ड्राइव्ह वाचत होतं ते फर्मवेअर, म्हणजे बोर्डातलाच प्रोग्राम. बूट.विम (सेटअप सुरू करणारी इमेज फाइल) मेमरीत उतरून विंडोजचा कर्नल (गाभा) जागा झाला की वाचण्याचं काम त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे येतं, आणि विंडोज ७ च्या २००९ च्या डिस्कमध्ये यूएसबी ३ च्या एक्सएचसीआय कंट्रोलरसाठी ड्रायव्हरच नाही. इंटेलने २०१५ च्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून यूएसबी २ चा जुना ईएचसीआय कंट्रोलर काढून टाकला. म्हणून काळ्या रंगाचं यूएसबी २ पोर्ट शोधूनही उपयोग नाही, मागे कंट्रोलर तोच.

तेव्हा ड्रायव्हर आधीच इमेजमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या विम फाइलींमध्ये, भरायचे. विंडोज १० च्या मशीनवर इमेज रिकाम्या फोल्डरमध्ये माउंट करा (उघडून जोडा), डिस्म या इमेज बदलण्याच्या कमांडच्या 'अ‍ॅड-ड्रायव्हर' पर्यायाने ड्रायव्हर आणि 'अ‍ॅड-पॅकेज'ने अपडेट घाला, मग 'कमिट'सह अनमाउंट. ड्रायव्हर सुटा केलेला, आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती देणाऱ्या) फाइलसह हवा. सेटअपची ईएक्सई चालत नाही. होस्ट कंट्रोलर आणि हब अशा दोन्ही आयएनएफ लागतात. एकच घातली तर कंट्रोलर ओळखला जातो, कीबोर्ड मात्र मेलेलाच. आणि हे दोन ठिकाणी करायचं : बूट.विममधली दुसऱ्या क्रमांकाची इमेज (सेटअप तीच चालवतो) आणि इन्स्टॉल.विममधली (डिस्कवर उतरणारं विंडोज जिच्यात असतं ती फाइल) तुमची आवृत्ती. दुसरं विसरलात तर इन्स्टॉल नीट होतं आणि पहिल्याच रीस्टार्टनंतर कीबोर्ड पुन्हा गायब.

एनव्हीएमई (पीसीआय-एक्सप्रेसला जोडलेली) एसएसडी असेल तर केबी२९९०९४१ आणि केबी३०८७८७३ हे दोन हॉटफिक्स याच दोन्ही जागी. नव्या ड्रायव्हरांची डिजिटल सही एसएचए-२ ची असते, ती जुन्या विंडोज ७ ला कळत नाही. त्यासाठी एसपी१ (सर्व्हिस पॅक १) वर केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९.

एवढं केलं की निम्म्याहून जास्त तक्रारी मिटतात. ज्यांचं सॉफ्टवेअर किंवा उपकरण विंडोज ७ वरच चालतं त्यांनी हे जरूर करावं. 'अशक्य' म्हणणाऱ्यांनी आधी बूट.विम उघडून बघावी.

कोरडा पाषाण
अशक्य कोणी म्हणत नाही हो, अनाठायी म्हणतो. मेहनत करून शेवटी हातात काय पडतं? क्रोम १०९ वर थांबलं, फायरफॉक्सची ११५ ईएसआर (दीर्घ सपोर्टची) ही शेवटची शाखा, स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून हात काढून घेतला. एसचॅनेलला (विंडोजचा सुरक्षित जोडणी सांभाळणारा भाग) टीएलएस १.३ हा प्रोटोकॉल येत नाही. रिमोट डेस्कटॉपमधली 'ब्लूकीप' त्रुटी मे २०१९ मध्ये उघड झाली तेव्हा विंडोज ७ तिच्या कचाट्यात होतं, ८ आणि १० नव्हतं. तेव्हा निदान पॅच तरी आला. आता निघणाऱ्या त्रुटींना कोण पॅच देणार?

"नेटला जोडणार नाही" हे उत्तर येणारच, म्हणून आधीच सांगतो : फाइली पेन ड्राइव्हने ये-जा करणार असतील तर मशीन अलिप्त नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा वर्म नेटपासून तुटलेल्या यंत्रांपर्यंत पेन ड्राइव्हवरूनच पोहोचत होता.

स्क्रूड्रायव्हर
बिटबाजीराव, यूएसबीचं तुम्ही छान सांगितलंत, पण खरा अडसर गाळलात. फर्मवेअर. विंडोज ७ च्या ६४ बिट आवृत्तीला यूईएफआयमधून (नव्या पद्धतीच्या फर्मवेअरमधून) बूट होता येतं, तरी चित्र दाखवण्यासाठी तिला जुन्या बायोसची व्हिडिओ सेवा, इंटरप्ट १०एच, लागते. ती सेवा सीएसएम (यूईएफआयमधला जुन्या बायोसची नक्कल करणारा भाग) पुरवतो. सीएसएम नसेल तर 'स्टार्टिंग विंडोज'वर ते चार रंग येऊन गोठतात, किंवा तेही येत नाहीत. लोक तासभर ड्रायव्हर बदलत बसतात. ड्रायव्हरचा दोषच नसतो.

इथे एक गैरसमज फार पसरलाय : सीएसएम चालू करणे म्हणजे लेगसी (जुन्या बायोस पद्धतीचं) बूट करणे. नाही. सीएसएम चालू ठेवा आणि बूट यादीत पेन ड्राइव्हची यूईएफआय असं लिहिलेली नोंद निवडा. डिस्कची विभाजनं नव्या जीपीटी पद्धतीचीच राहतात, २ टीबीची मर्यादा येत नाही. उलट शुद्ध लेगसी बूट केलंत तर बहुतेक एनव्हीएमई एसएसडीवरून बूट होणारच नाही, कारण त्यांच्यात लेगसी ऑप्शन रॉम (बायोससाठीचा छोटा बूट-प्रोग्राम) नसतो. सिक्युअर बूट (सही नसलेला लोडर रोखणारी सोय) बंद हवाच, विंडोज ७ ला तो कळत नाही. ११ व्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनवर व्हीएमडी (डिस्क सांभाळणारा इंटेलचा कंट्रोलर) बंद करा, नाहीतर डिस्कच दिसणार नाही.

आणखी दोन खाचा. विंडोज ७ च्या डिस्कवर ईएफआय\बूट या फोल्डरात बूटएक्स६४.ईएफआय नसते. इन्स्टॉल.विममधल्या विंडोज\बूट\ईएफआयमधून बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय काढून त्या नावाने तिथे ठेवावी लागते, त्याशिवाय फर्मवेअरला पेन ड्राइव्ह बूट होण्यासारखा वाटत नाही. आणि यूईएफआयसाठी पेन ड्राइव्ह फॅट३२ लागतो, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. अपडेट भरून इन्स्टॉल.विम त्यापुढे गेली तर डिस्मनेच तुकडे करून एसडब्ल्यूएम फाइली करायच्या.

आता मूळ मुद्दा. इंटेलच्या ५०० मालिकेच्या चिपसेटपासून अंगच्या (प्रोसेसरमधल्याच) ग्राफिक्सवर सीएसएम चालत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय तो पर्याय राखाडीच दिसतो. तसंही सातव्या पिढीपासून इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सला विंडोज ७ चा अधिकृत ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हरशिवाय चालवणं म्हणजे खिडकी सरकवताना ती पट्ट्यापट्ट्यांनी सरकणं. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ४७० शाखा ही विंडोज ७ साठी शेवटची, ती आरटीएक्स ३० मालिकेपर्यंत पोहोचते. ४० मालिका आणलीत तर काहीच नाही.

बिटबाजीराव
सीएसएमचं मान्य, लिहायला हवं होतं. पण सीएसएम नसलेल्या बोर्डासाठीही 'यूईएफआयसेव्हन' आहे : मूळ बूट फाइलच्या जागी बसतो, इंटरप्ट १०एच ची तात्पुरती नक्कल मेमरीत ठेवतो आणि मग खऱ्या लोडरला बोलावतो. वाट बंद नाही.

स्क्रूड्रायव्हर
त्यानंतर ए५ क्रमांकाची निळी स्क्रीन येते, तिचं काय? ती एसीपीआयची, म्हणजे फर्मवेअर हार्डवेअरची आणि विजेची माहिती विंडोजला देतं त्या पद्धतीची. नव्या फर्मवेअरचे तक्ते विंडोज ७ च्या एसीपीआय.सिस फाइलला पचत नाहीत. मग कोणीतरी बदललेली एसीपीआय.सिस शोधायची, तिची सही जुळत नाही म्हणून सहीची तपासणीच बंद करायची. म्हणजे कर्नलच्या गाभ्यात अनोळखी माणसाची फाइल. इथवर आलात की तुम्ही विंडोज ७ वापरत नसून त्याची गोधडी पांघरताय. माझी रेघ इथे आहे : नुसता ड्रायव्हर भरावा लागत असेल तर करा, सिस्टिम फाइल बदलावी लागत असेल तर बोर्ड बदला.

आभासी
एवढा खटाटोप वाचून प्रश्न पडतो की व्हर्च्युअल मशीन का नको? व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयूमध्ये विंडोज ७ ला त्याच्या ओळखीचं हार्डवेअर दिसतं : साटा एएचसीआय कंट्रोलर, इंटेल ई१००० नेटवर्क कार्ड, बायोस. इमेजला हात न लावता मूळ आयएसओ जशीच्या तशी चढते. २ कोर, ४ जीबी मेमरी, ६० जीबी डिस्क पुरते. नेटवर्क अडॅप्टर काढून टाका, कोऱ्या अवस्थेचा स्नॅपशॉट घ्या, घाण झाली की दोन मिनिटांत मागे. पाषाणभाऊंची भीतीही बरीच कमी होते.

समांतर पोर्ट
आभासी, तुमचं उत्तर सॉफ्टवेअरपुरतं शंभर टक्के बरोबर. पण हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांत मोजमापाची कार्डं, यंत्रांचे कंट्रोलर, पॅरलल पोर्टाला लावायचे परवाना-डोंगल असलेले बरेच असतात. यूएसबी उपकरण व्हर्च्युअल मशीनकडे सोपवता येतं. पीसीआय कार्डासाठी आयओएमएमयू (कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला सोपवू देणारं हार्डवेअर) लागतं, आणि जुनं पीसीआय कार्ड पीसीआय-एक्सप्रेसच्या पुलामागे बसलेलं असलं तर त्या पुलामागचं सगळं एकाच गटात येतं. सोपवायचं तर सगळं. शिवाय पॅरलल पोर्टावर स्वतः पल्स काढणारी सॉफ्टवेअर वेळेला फार काटेकोर असतात. होस्टने (बाहेरच्या खऱ्या मशीनने) मध्येच प्रोसेसर दुसऱ्या कामाला दिला की पल्स चुकते, मोटर पायऱ्या गमावते.

बिटबाजीरावांनाही एक विचारायचंय. सगळी पाककृती ६४ बिटची आहे. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर ३२ बिटच असेल तर? ३२ बिट विंडोज ७ यूईएफआयमधून बूटच होत नाही. मग लेगसी बूट, एमबीआर (जुन्या विभाजन पद्धतीची) डिस्क, साटा एसएसडी, वापरात ४ जीबीहून कमी मेमरी. १६ बिट प्रोग्राम असतील तरी हेच, कारण ६४ बिट विंडोज ते चालवत नाही.

बिटबाजीराव
३२ बिट असेल तर हार मानतो. सीएसएमसह पूर्ण लेगसी देणारा बोर्ड हवाच, तिथे यूईएफआयसेव्हनचाही उपयोग नाही.

६४ बिटवाल्यांसाठी मात्र एक सोपी वाट राहून गेली. विंडोज १० च्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा, शिफ्ट-एफ१० दाबून कमांड खिडकी उघडा, डिस्क जीपीटी करा, १०० एमबीचं ईएफआय विभाजन आणि बाकीचं एनटीएफएस. डिस्मच्या 'अप्लाय-इमेज'ने तयार केलेली विंडोज ७ ची इन्स्टॉल.विम उतरवा, शेवटी त्याच इमेजमधला बीसीडीबूट (बूट फाइली मांडणारी कमांड) चालवा. विंडोज १० च्या त्या वातावरणात यूएसबी ३ आणि एनव्हीएमई दोन्ही आधीच आहेत, म्हणून बूट.विमला हातच लावायला नको. इन्स्टॉल.विममध्ये ड्रायव्हर भरणं मात्र सुटत नाही.

कोरडा पाषाण
आणि अपडेट? २०१७ मध्ये आलेल्या अपडेटांनी इंटेलची सातवी पिढी आणि एएमडीचे रायझन दिसले की 'असमर्थित हार्डवेअर' म्हणत विंडोज अपडेट बंद पाडलं होतं.

बिटबाजीराव
म्हणूनच ते ऑनलाइन घ्यायचेच नाहीत. केबी३०२०३६९, त्यावर मे २०१६ चा केबी३१२५५७४ हा एकत्रित गठ्ठा, मग एसएचए-२ चे दोन, सगळे इमेजमध्येच. तपासणी विंडोज अपडेट करतं, डिस्म नाही.

समांतर पोर्ट
कार्डासाठीच करायचं असेल तर नवाच बोर्ड कशाला? इंटेलची सहावी पिढी हा शेवटचा टप्पा जिथे अंगच्या ग्राफिक्सचा अधिकृत ड्रायव्हर आहे. त्यातही पीएस/२ पोर्ट (कीबोर्डाचं जुनं गोल पोर्ट) आणि खरा पीसीआय स्लॉट असलेला बोर्ड मिळाला तर सेटअपमध्ये कीबोर्ड यूएसबीवर अवलंबून राहत नाही. साटा डीव्हीडी ड्राइव्ह जोडली की पेन ड्राइव्हही नको.

स्क्रूड्रायव्हर
यावर माझी सही. फक्त घेण्याआधी बोर्डाच्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली नाहीत ना हे बघा, सीआर२०३२ सेल बदला, आणि एसएसडी साटाचीच लावा; तिथे विंडोज ७ चं ट्रिम (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवणारी सोय) आपोआप चालतं. ज्यांना तरीही १२ व्या पिढीवर किंवा पुढे चढवायचंय त्यांनी बायोसमध्ये ई-कोर (छोटे, कमी वीज खाणारे कोर) बंद करावेत. विंडोज ७ च्या शेड्युलरला मोठा कोर, छोटा कोर हा भेद कळत नाही. जड काम छोट्यावर जाऊन बसतं आणि मशीन विनाकारण मंद वाटतं.