गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धड चर्चा होतच नाही, काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपचा मी ॲडमिन. जत्रेच्या नाटकाच्या तालमींसाठी काढला होता, आता २८० जण आहेत. निम्मे मुंबईत नाहीतर गल्फमध्ये.

गेल्या महिन्यात एका मुलीने विचारलं, "यंदा संगीत नाटक घ्यायचं का? ऑर्गनवर कोण बसेल?" चौथ्याच उत्तराला "मराठी कशाला, कोकणीत करा" आलं आणि संध्याकाळपर्यंत १९८७चा राजभाषा कायदा पेटला. कायदा वाचलेला कुणीच नाही. देवनागरी कोकणी राजभाषा आणि मराठी सरकारी कामात वापरायची मुभा, एवढंच मी लिहिलं तर दोन्हीकडून मलाच धुतलं. ऑर्गन राहिला बाजूला.

पण खरं दुखणं वेगळंच. त्या गदारोळात गावच्या जुन्या पेटीवाल्या काकांनी एक लांबलचक मेसेज टाकला. अर्धा मराठी, अर्धा कोकणी, अनुस्वारांचा पत्ता नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडात नांदी कशी उभी राहायची, पडद्याची दोरी कोण धरायचं, सूर चढा लागला की पेटीवर कसं सावरायचं. पाऊण तास टाइप केला असणार. खाली लगेच एकाने "नांदि नव्हे, नांदी" म्हणून तीन हसरे चेहरे टाकले. रात्री काकांनी ग्रुप सोडला. फोन केला तर म्हणाले, "म्हाका हें जमचें ना रे बाबा."

मी काय काय करून पाहिलं: फक्त ॲडमिनच लिहील असं सेटिंग केलं, तर चार दिवस चिडीचूप. पाचव्या दिवशी दुबईहून फोन, कोण गेलं काय? फॉरवर्डसाठी वेगळा ग्रुप काढला, तिथे मी एकटाच. मेसेज डिलीट केले, तर 'का डिलीट केलास' यावरच रात्र गेली. पोल घेतला. मतं कळली, कारणं नाहीत.

'उद्या ॲडमिनवर केस होईल' ही भीती मला घालू नका. समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय.

आता डोक्यात आहे की एका वेळी एकच विषय ठेवायचा, उत्तर त्याच मेसेजला 'रिप्लाय' करून द्यायचं, आणि दोघांचीच जुंपली की त्यांनी फोनवर भांडायचं. कुणी असं चालवलंय का? टिकतं का?

दुसरं, चुकणाऱ्याला चारचौघांत टोकायचं की खाजगीत? हे विचारतोय कारण तो शुद्धलेखनवाला माझा सख्खा मेव्हणा आहे.

आणि काकांना परत कसं आणू? टाइप करण्यापेक्षा व्हॉइस मेसेज करा म्हणून सांगावं का? जत्रा दोन महिन्यांवर आलीय, ऑर्गनला अजून माणूस नाही.