उसण भरलेल्या कंबरेवर बी-व्हिटॅमिन: चाचणी कशी आखावी?

ऑर्थो_निवासी
नमस्कार. प्रबंधाचा विषय: ताज्या कंबरदुखीत नुसतं डायक्लोफेनॅक (दुखणं कमी करणारं औषध), की सोबत बी१, बी६, बी१२? डायक्लोफेनॅक ५० मिग्रॅ दोन वेळा, सात दिवस. दोन्ही गटांत ३०-३० रुग्ण, दुखणं व्हीएएसवर (१०० मिमीच्या रेघेवर रुग्ण किती दुखतं तिथे खूण करतो), पहिल्या आणि सातव्या दिवशी. ओपीडीत बरेचसे नागपूरच्या कळमना बाजारातले हमाल आहेत. सगळ्यांचं व्हिटॅमिन डी तपासून कमी असेल त्यांना लगेच ६०,००० युनिटचं सॅशे सुरू करावं असंही डोक्यात आहे. कुठे चुकतंय ते मोकळेपणानं सांगा.

आकडेमोड
डॉक्टर, सातवा दिवस हीच मोठी चूक आहे. उसण भरलेली कंबर बहुतेकांची आपोआप सुटत जाते. सातव्या दिवशी दोन्ही गट बरे दिसतील आणि फरक असला तरी त्यात बुडून जाईल. व्हिटॅमिनचा उपयोग असेल तर तो लवकर आराम पडण्यात दिसेल, म्हणून मुख्य निकाल तिसऱ्या दिवसाचा ठेवा. ब्राझीलच्या डोलोर चाचणीत (२००९) हेच केलं होतं. ३७२ रुग्ण होते, आणि तिसऱ्या दिवशी पुरेसा आराम पडल्यामुळे उपचार थांबवता आलेले रुग्ण व्हिटॅमिनच्या गटात ४६.५ टक्के, नुसत्या डायक्लोफेनॅकवर २९ टक्के.

आता संख्या. व्हीएएसवर साधारण १३ मिमी फरक पडला तर रुग्णाला तो जाणवतो. प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतल्या आकड्यांचा पसारा) २५ मिमी धरा: १५.७ × (२५ ÷ १३)² म्हणजे दर गटात ५८ (१५.७ हा नेहमीच्या सूत्रातला ठरलेला आकडा). वीस टक्के गळती (मध्येच सोडून जाणारे) धरली तर ७३. आणि 'आराम पडला, हो की नाही' असा निकाल घेतलात तर डोलोरच्याच टक्केवारीवर दर गटात ११७ लागतात. ३० रुग्णांत 'फरक आढळला नाही' असं निघालं, तर औषध निकामी होतं की रुग्ण कमी पडले, हे कुणालाच सांगता येणार नाही. एवढ्या मेहनतीचं असं होऊ नये.

हमाल तिसऱ्या दिवशी ओपीडीत येणार नाहीत, त्यांचा रोज बुडतो. व्हीएएसची रेघ फोनवर दाखवता येत नाही. त्यापेक्षा शून्य ते दहा आकडा घ्या, तो फोनवर विचारता येतो आणि हिशेब तोच राहतो (फरक १.३, विचलन २.५). म्हाताऱ्या माणसाला 'सोळा आण्यांपैकी किती दुखणं राहिलं?' हे पटकन कळतं, पण मग पहिल्यापासून सगळ्यांना आण्यांतच विचारा. मध्येच माप बदललं की जुळवता येत नाही. रेघच वापरायची असेल तर प्रत्येक झेरॉक्सवर पट्टी लावून बघा. मशीन १०० मिमीची रेघ ९७ची करून टाकतं.

फारच दुखलं तर घ्यायचं जास्तीचं पॅरासिटामॉल ५०० मोजून द्या आणि उरलेल्या गोळ्या परत मोजा. नाहीतर दोन्ही गटांत दुखण्याचा आकडा सारखा दिसेल, पण एका गटानं दुप्पट पॅरासिटामॉल खाल्लेलं असेल.

फार्मसी_कट्टा
डायक्लोफेनॅक दोघांना सारखंच आहे, ते उघड द्या. लपवायचं आहे ते व्हिटॅमिन. दुकानातल्या साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बी२ असतं, त्यानं लघवी पिवळीजर्द होते आणि पहिल्याच दिवशी रुग्णाला सगळं कळतं. बी२ नसलेली गोळी शोधा. ती अपारदर्शक कॅप्सुलमध्ये घाला, तशाच कॅप्सुलमध्ये नुसतं लॅक्टोज. बी१ला यीस्टसारखा उग्र वास असतो, बाटली उघडली की येतो. म्हणून १४ कॅप्सुलचा ब्लिस्टर करा. बी१२चं इंजेक्शन लालभडक असतं, त्या वाटेला जाऊच नका. मे महिन्यात डबा गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका, बी१२ उजेडानं खराब होतं.

पॅथॉलॉजी_विदर्भ
रक्त पहिल्या कॅप्सुलच्या आधी काढा. एक गोळी पोटात गेली की बी१२चा आकडा वर जातो आणि मूळची कमतरता झाकली जाते. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू आहे का, हेही लिहून घ्या, त्यानं बी१२ उतरतं. केसांसाठी बायोटिन घेणारे असतील तर दोन-तीन दिवस बंद करवा. बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळे व्हिटॅमिन डी खोटंच जास्त दिसतं.

डी दर मिलिलीटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर सॅशे जरूर द्या, आठवड्याला एक, आठ आठवडे. पण सातव्या दिवसानंतर सुरू करा. त्याचा गुण यायला आठवडे लागतात, उसणीवर ते औषध नाही. नडगी किंवा छातीचं मधलं हाड दाबल्यावर दुखतं, महिनोन्‌महिने अंग ठणकतं, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलंय, असा रुग्ण ऑस्टिओमलेशियाचा (हाडं मऊ पडण्याचा आजार) असू शकतो. त्याला या चाचणीत घेऊ नका.

आणि आपल्याकडे सिकलसेल (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) विसरून चालणार नाही. तरुण मुलगा 'हाडं दुखतात' म्हणून आला आणि आपण उसण समजून डायक्लोफेनॅक दिलं, तर सिकलसेलच्या क्रायसिसचा (अचानक उठणाऱ्या तीव्र दुखण्याचा) रुग्ण हातातून निसटतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो तो वेगळाच. सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट सगळ्यांची करा. ती पॉझिटिव्ह आली की हिमोग्लोबिनचं इलेक्ट्रोफोरेसिस, कारण रुग्ण आहे की नुसता वाहक, हे नुसत्या सोल्युबिलिटीवरून कळत नाही. पावसाळ्यात अलीकडे ताप येऊन गेलेला असेल तर चिकनगुनियाचा विचार करा आणि त्याला वगळा.

ऑर्थो_निवासी
मनापासून आभार सर, मॅडम. तिसरा दिवस, शून्य ते दहा, दर गटात ७३ असं गाइडपुढे मांडतो. मंजुरी यायच्या आत पहिले पाच-सहा रुग्ण घेऊन बघितले तर चालेल का?

आकडेमोड
अजिबात नाही. आधी एथिक्स कमिटीची मंजुरी, मग सीटीआरआयवर (चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी, मग पहिला रुग्ण. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय मागाहून नोंदणी करून घेत नाही, प्रबंध असला तरी. तोवर कोण कुठल्या गटात जाणार, त्या चिठ्ठ्यांचं काम उरका. चार आणि सहाचे ब्लॉक (प्रत्येकात दोन्ही गटांच्या सारख्या चिठ्ठ्या) मिसळून यादी करा, क्रमांक घातलेली जाड पाकिटं बंद करून दुसऱ्या कुणाकडे द्या. ती तुमच्या टेबलाच्या खणात नकोत.