भरतीची तयारी किती वर्षं करायची?

कास्तकार, घाटंजी
पहाटे पाचला आमच्या गावच्या डांबरी रस्त्यावर वीस-पंचवीस पोरं धावतात. सोळाशे मीटर, मोबाईलवर वेळ लावून. चार वर्षं माझा पुतण्याही त्यांच्यात होता. आता तो एकोणतीसचा झाला. खुल्या प्रवर्गाला पोलीस भरती २८ पर्यंतच, म्हणून धावणं थांबलं. अभ्यास मात्र सुरूच आहे. तलाठी, एमपीएससी, तिथे वयाची अट ३८ ची. म्हणजे अजून नऊ वर्षं तो अभ्यासिकेतल्या त्याच खुर्चीत बसू शकतो. मला भीती त्याचीच वाटते.

अमरावतीला दोन वर्षं खोली, मेस, क्लास. त्यापायी भावाने बैलजोडी विकली, मग वहिनीचं सोनं सावकाराकडे गेलं. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांवर. शंभरात एक लागतो. बाकीच्या नव्व्याण्णव घरांत काय चालतं ते आम्ही रोज पाहतो. पोरगा लग्नाला येत नाही, पारावर बसत नाही, कोणी "काय चाललं?" विचारेल म्हणून. माझं म्हणणं असं की दोन भरत्या जीव लावून द्याव्या, नाही जमलं तर कामाला लागावं, आणि हे घरच्यांनी आधीच ठरवून द्यावं. इकडे कापूस वेचायला माणूस मिळत नाही.

सालदाराचा लेक
काका, राग नका मानू. तुमच्या पुतण्याले परत यायले वावर हाय. माह्या बापाचा जनम दुसऱ्याच्या वावरात गेला. पाडव्याले साल ठरे, पाडव्याले संपे. मी कुठं परत येऊ?

वेचाईले माणूस भेटत नाई मनता. माही माय जाते वेचाईले. दहा रुपये किलो. सांजपर्यंत कंबर मोडून चाळीस-पंचेचाळीस किलो होते. ते बी दिवाळीपासून दोन-तीन महिने, पऱ्हाटी उपटली का काम खतम. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाले ३१२ रुपये होती, पन काम निघालं तं. शंभरातला एक लागते, मान्य. आमच्या वस्तीतला पयला पोट्टा शिपाई झाला अन् दोन वर्सांत घरावर स्लॅब पडला, त्याची बहीण नर्सिंगले गेली. असं दुसरं एक दार दाखवा, मी उद्यापासून धावत नाई.

फॉर्म भरणारा, दारव्हा
मी काकांच्या बाजूचा. सहा वर्षं तयारी केली, आता लोकांचे फॉर्म भरतो. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा आणि दहा लाखांवर अर्ज. फी खुल्याला १,००० रुपये, राखीवला ९००. हिशेब केला तर नव्वद कोटींच्या वर जाते. हा पैसा कुणाच्या तुरीचा, कुणाच्या बकरीचा. तेच चेहरे दर जाहिरातीला माझ्या दुकानात येतात, फक्त केस विरळ झालेले असतात. आमच्या भागात रब्बीत मोटर जळली तर वाइंडिंगला माणूस शोधत फिरावं लागतं, ओलीत तितके दिवस खोळंबतं. हे काम शिकायला वर्ष पुरे. पण बारावी झालेला पोरगा ग्रीसमध्ये हात घालायला तयार नाही, आणि त्याचा बाप तर त्याहून नाही.

लेक वाशिमची
सगळे पोरांबद्दलच बोलताय. बारावीपर्यंत मला एसटीचा पास फुकट होता. बारावी संपली आणि तेच बारा किलोमीटर घरच्यांना एकदम लांब वाटायला लागले. स्थळं सुरू झाली. "पोरगी भरतीची तयारी करते" हे एकच उत्तर माझ्या आईला नातेवाइकांसमोर देता येतं. दोन भरत्यांची मुदत पोरांना मिळत असेल, मला ती एकाच भरतीची आहे. आमच्या अभ्यासिकेत मुलींसाठी संडास नाही, म्हणून सकाळपासून पाणी न पिता बसतो आम्ही. मी नापास झाले तर मोटर वाइंडिंगला मला कोण पाठवणार, दादा? लग्नच लावतील.

आणि मधल्या वाटेचं म्हणाल, तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना ६,००० ते १०,००० दिले. आधी सहा महिने, मग आणखी पाच. त्यानंतर ती मुलं पुन्हा अभ्यासिकेतच आली.

कास्तकार, घाटंजी
ताई, तुमच्या बाजूचा विचार मी केला नव्हता. संडासाचा विषय आमच्या ग्रामसभेत मी स्वतः मांडतो, आमच्याकडेही तीच गत आहे.

सालदाराच्या लेकाला सांगतो, वावर आहे म्हणून पुतण्या सुखी नाही. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, मी चार हजाराच्या आत विकलं. पाच एकरात दोन भाऊ. तरी तुझ्यासारखं उघड्यावर नाही, हे खरं. पण मुदतीचं माझं मत मी सोडत नाही. भरती कधी निघेल हे कुणी सांगत नाही, म्हणून तर पोरगं "आता निघेल" म्हणत बसून राहतं. सरकारने दरवर्षी तारीख पाळली तर दोन प्रयत्न दोन वर्षांत होतात. आता त्यालाच पाच वर्षं लागतात.

सालदाराचा लेक
यावर आपलं जमलं, काका. तारीख पायजे. पन मोजून दोन नाई. मागच्या वेळी मैदानात माहे गुण गेले, लेखीत नाई. सकाळी भाकर-मिरचीवर धावतो अन् दिवसा फवारनीले जातो, त्याची दोन वर्सं अन् अमरावतीत खोली करून रायते त्याची दोन वर्सं एकाच मापानं काऊन मोजता? पुतण्याची पोलीस भरतीची पुस्तकं पडून असतीन तं मले द्या. मी घाटंजीले बाजाराच्या दिवशी येतो.