बिडी सोडताना ब्युप्रोपिऑन: आधीच्या औषधांचे काय?

प्रश्न
माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. बिडी सोडण्यासाठी डॉक्टरांनी त्यांना ब्युप्रोपिऑनच्या १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या आहेत. पहिले तीन दिवस एक, त्यानंतर सकाळ-संध्याकाळ. बिडी येत्या सोमवारी बंद करायचे ठरले आहे. रक्तदाबासाठी ते मेटोप्रोलॉल आणि दम्यासाठी डेरिफायलिन घेतात. सध्या त्यांना झोप लागत नाही आणि तोंडाला सतत कोरड पडते. गोळी थांबवावी का? या औषधांचा एकमेकांवर काही परिणाम होतो का?

प्रतिसाद १
मी औषधविक्रेता आहे. कोरड आणि निद्रानाश हे या गोळीचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. दुसरी गोळी रात्रीऐवजी दुपारी चार-पाचच्या सुमारास द्यावी, मात्र दोन गोळ्यांत किमान आठ तासांचे अंतर हवेच. चुकलेली गोळी पुढच्या गोळीसोबत कधीही देऊ नये, कारण दिवसाला ३०० मिलिग्रॅमवर साधारण हजारात एकाला फिटचा झटका येऊ शकतो आणि मात्रा वाढली की हा धोका झपाट्याने वाढतो. पूर्वी फिट आली असेल किंवा रोजचे मद्यपान एकदम सोडले असेल, तर हे औषध देतच नाहीत. ब्युप्रोपिऑनमुळे यकृतात मेटोप्रोलॉलचा निचरा मंदावतो, म्हणून नाडी फार मंद होते का, चक्कर येते का, हे पाहावे. रक्तदाबही मोजत राहावा, कारण या गोळीने तो वाढूही शकतो.

प्रतिसाद २
मला अधिक काळजी डेरिफायलिनची वाटते. त्यातील थिओफिलीनमुळेही झटक्याची शक्यता वाढते. शिवाय बिडीच्या धुरातील घटक यकृतातील औषधे मोडणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) चेतवतात आणि त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून थिओफिलीन लवकर बाहेर पडते. बिडी सुटली की तीच मात्रा काही दिवसांत जास्त ठरते आणि मळमळ, धडधड, हाताला कंप सुरू होतो. सोमवारपूर्वीच डॉक्टरांना भेटून मात्रेविषयी विचारा. चहाही कमी करा, कारण कॅफिनचेही असेच होते आणि झोप आणखी बिघडते.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मग बिडी सोडण्याची दुसरी गोळी, व्हरेनिक्लिन, अधिक सुरक्षित ठरेल का?

प्रतिसाद २
ते बहुतांशी मूत्रपिंडावाटे जसेच्या तसे बाहेर पडते, त्यामुळे इतर औषधांशी त्याचा संघर्ष कमी असतो; मळमळ आणि विचित्र स्वप्ने मात्र पुष्कळांना त्रास देतात. मानसिक दुष्परिणामांविषयीचा त्यावरचा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये काढून टाकला, तरी कोणतीही गोळी घेताना वडील उदास किंवा चिडचिडे दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. थिओफिलीनची अडचण मात्र गोळी बदलूनही राहील, कारण ती धूर थांबल्यामुळे उद्भवते.