मदत हवी आहे: मुलीसाठी धायरी-नऱ्हे भागात लेडीज जिम, तातडीने

धायरीची_आत्या
मुलीला व्यायामाला लावायचं आहे. दिवाळीपासून अगदी गप्प गप्प असते. क्लासहून आली की खोलीचं दार लावून घेते, जेवायलाही तीनदा हाक मारावी लागते. व्यायामाने मन थाऱ्यावर येतं असं सगळेच सांगतात. धायरी-नऱ्हे भागात फक्त बायकांची जिम कोणाला माहीत असेल तर नाव आणि फी सांगा. झुंबा असला तरी चालेल. सोमवारपासून सुरू करायचंय, त्यामुळे जरा लवकर. उपदेश नकोत, ते घरी भरपूर मिळालेत.

पेठकर
वय किती? शाळा की कॉलेज? क्लास कुठे आणि किती वाजता सुटतो? आणि जिम तिला हवी आहे की तुम्हाला? एवढं कळल्याशिवाय काय सुचवणार?

सूर्योदय_६२
या वयात जिम नकोच. पहाटे उठवा, बारा सूर्यनमस्कार आणि दहा मिनिटं अनुलोम-विलोम. मी चाळिशीपासून करतोय, आजतागायत झोपेची गोळी घेतलेली नाही. पैसा लागत नाही, रिक्षा लागत नाही. मोबाइल मात्र रात्री नऊला काढून घ्या.

नऱ्हेगाव
घरीच ट्रेडमिल घ्या. जानेवारीत जिमला गर्दी असते, मार्चमध्ये सगळे सोडतात आणि वर्षाचे पैसे बुडतात. वापरलेली स्वस्तात मिळते. फक्त मोटरचा आवाज आणि पट्टा नीट बघून घ्या.

धायरीची_आत्या
अकरावी सायन्स. डेक्कनला नीटचा क्लास आहे, पाचला सुटतो, घरी यायला साडेसहा. पहाटे उठवणं शक्य नाही, रात्री एक-दीडपर्यंत खोलीत दिवा चालू असतो. ट्रेडमिलला जागा नाही. जिमचं नाव कोणी सांगेल का?

ढोलप्रेमी
ताई, जिम सोडा, पथकात घाला. माझी धाकटी बहीण दहावीनंतर अशीच झाली होती. नदीपात्रात सरावाला जायला लागली आणि महिन्याभरात घरात तिचा आवाज ऐकू यायला लागला. कमरेला ढोल बांधून दोन तास उभं राहणं हा काय कमी व्यायाम आहे? शिवाय शंभर जण ओळखीचे होतात.

पेठकर
सराव पावसाळ्यात सुरू होतो, गणपतीपर्यंत चालतो. आत्ता जानेवारी आहे. त्या मुलीने जूनपर्यंत दार लावून बसायचं का? आणि कानांचं काय? आमच्या घराखालून मिरवणूक गेली की खिडकीच्या काचा हादरतात.

ढोलप्रेमी
कानात बोळे घालून वाजवतात आजकाल. तुम्हाला पथकांचा राग आहे, तो दुसऱ्या धाग्यावर काढा. इथे मुलीचा प्रश्न आहे.

टेकडीवेडा
दोघेही थांबा. रविवारी सकाळी तळजाईला घेऊन या. झाडी आहे, मोर ओरडतात, चढ फारसा नाही. जमलं की पर्वतीच्या 103 पायऱ्या, मग सिंहगड. माणूस उघड्यावर चालला की बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

बावीस_पूर्ण
मी पाच वर्षांपूर्वी याच जागी होते म्हणून लिहिते. अकरावीत मला आईने जिमला घातलं होतं. चारही बाजूंना आरसे, ट्रेनर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वजन मोठ्याने वाचतो, आजूबाजूला चाळिशीच्या काकू पोट कमी करायला आलेल्या. माझ्या वयाचं एकही माणूस नाही. घरी यायचे ती जास्तच वाईट वाटून घेऊन.

मुली या वयात खेळणं का सोडतात, तेही कोणी विचारत नाही. पाळीचे डाग दिसतील याची भीती, मैदानावर धड बाथरूम नसणं, टाइट्स घातल्या की कट्ट्यावरच्या पोरांच्या नजरा, संध्याकाळी दिवे नाहीत म्हणून घरचे नको म्हणणार, आणि दहावी आली की पीटीच्या तासाला गणित. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या आकडेवारीवरून सांगितलं होतं की जगभरात 11 ते 17 वयाच्या 85 टक्के मुलींना पुरेसा व्यायाम मिळत नाही. त्या सगळ्या काही आळशी नाहीत.

आत्या, ती आधी काही खेळायची का?

धायरीची_आत्या
खो-खो खेळायची. सहावीपासून, शाळेच्या संघात. जिल्ह्यापर्यंत जाऊन आली आहे. पण ते धाराशिवला. इथे जूनमध्ये आली.

पेठकर
धाराशिवला? म्हणजे ती तुमची मुलगी नाही?

धायरीची_आत्या
भाची आहे, माझ्या थोरल्या भावाची. क्लाससाठी माझ्याकडे ठेवली आहे. मुलगीच म्हणते मी तिला. दादाने सांगितलंय की दोन वर्षं फक्त अभ्यास, खेळबिळ बंद. म्हणून जिम म्हटलं, तासाभरात काम होतं, दादालाही आरोग्याचं कारण सांगता येतं.

टेकडीवेडा
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं हो!

पाटीवरची
आता माझं ऐका. बारा वर्षं खो-खो खेळले, आता संध्याकाळी मुलींना शिकवते.

धाराशिवच्या मुलीला खो-खो बंद करायला सांगणं ही साधी गोष्ट नाही. सारिका काळे तिथली, 2020 चा अर्जुन पुरस्कार. 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, 19 जानेवारीच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 हरवलं, कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. तुमच्या भाचीने तो सामना नक्की पाहिला असणार. विचारून बघा.

तिला व्यायाम कमी पडतोय, पण त्याहून जास्त तिच्या आठ जणी गेल्यात. खो-खोत आठ जणी पाटीवर बसतात, एकीआड एक उलट्या तोंडाने, आणि एक धावते. तिचा दम संपत आला की ती कोणाच्या तरी पाठीला हात लावून खो देते, आणि बसलेली त्या क्षणी उठते. नऊमधली एक आली नाही तर डाव लागत नाही. सहाला पाच कमी असताना आमच्याकडे फोनाफोनी सुरू होते, "कुठे आहेस, निघालीस का?" ट्रेडमिलवर तुम्ही नाही गेलात तर कोणाचं काय अडतं? या वयाच्या मुलीला, आज का आली नाहीस, असं तिच्याच वयाच्या कोणीतरी रागावून विचारायला हवं. आईने किंवा आत्याने विचारून ते होत नाही.

क्लास डेक्कनला म्हणजे शहरात खेळून मग घरी जाणं सोपं. मध्यवर्ती भागात मुलींचे सराव संध्याकाळी असतात, जिल्हा संघटनेकडे चौकशी केली तर क्लबांची नावं मिळतील. आठवड्यातून तीन दिवस पुरे. स्पर्धेसाठी नाही, नुसतं खेळायला येते असं आधीच सांगा, चांगले कोच समजून घेतात.

सूर्योदय_६२
खो-खोचे नियम पुण्यातच, डेक्कन जिमखान्याने बांधले, 1914 च्या सुमारास. आज डेक्कनला क्लासच क्लास. बाकी तुमचं पटलं, तरी पाच मिनिटं प्राणायाम करावाच.

नऱ्हेगाव
आणि नीटचं काय? आठवड्यातून तीन संध्याकाळी गेल्या तर मार्क कोण देणार? वडील म्हणतात ते चूक नाही. खर्च ते करतायत.

बावीस_पूर्ण
रात्री दीडपर्यंत दिवा चालू असतो म्हणजे अभ्यास होतोय असं नाही. मी पुस्तक उघडं ठेवून तासन्‌तास एकाच पानाकडे बघत बसायचे.

दवाखान्यातली_ताई
मैदानावर पाठवायच्या आधी दोन गोष्टी. मी समुपदेशक आहे, ऑनलाइन निदान करत नाही, पण हे प्रत्येक पालकाने करावं.

एक, रक्त तपासा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय निघाला होता. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर दम लागणं, चिडचिड, कशातच लक्ष नसणं हे त्यानेही होतं. मुलगी "खेळायला नको" म्हणते आणि आपण तिला आळशी ठरवतो. पाळी नियमित आहे का तेही विचारा.

दोन, तिच्याशी सरळ बोला. झोप आणि भूक बदलली आहे का, रडू येतं का, हातावरच्या खुणा लपवायला उकाड्यातही पूर्ण बाह्या घालते का. जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का, हे याच शब्दांत विचारा. विचारल्याने तसले विचार डोक्यात येत नाहीत, उलट विचारणारं कोणी आहे हे कळतं. उत्तर "हो" असेल तर सोमवारची वाट बघू नका, तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ती 18 च्या आतली आहे, त्यामुळे उपचारांत आईवडिलांना सोबत घ्यावंच लागेल.

खेळाने उदासी हलकी होते, हे खरं आहे. पण आजार अंगात मुरला असेल तर खेळ हा उपचारांच्या जोडीने हवा, उपचारांच्या जागी नाही.

ढोलप्रेमी
पाटीवरची यांच्या म्हणण्याला अनुमोदन. जूनमध्ये पथकाचाही विचार व्हावा.

धायरीची_आत्या
सगळ्यांचं वाचलं. काल रात्री तिच्या खोलीत जाऊन बसले. जीवाचं बरंवाईट करण्याचा विचार नाही म्हणाली, आणि तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. पण क्लासमध्ये कोणी तिला नावाने हाक मारत नाही, रोल नंबरने मारतात, आणि डबा ती जिन्यात बसून खाते. विश्वचषकाचं विचारलं तर अर्धा तास बोलत होती.

शनिवारी रक्त द्यायला नेते आहे. वहिनीला फोन केला, ती म्हणाली तुम्ही घेऊन जा, यांचं मी बघते. दादाशी मी रविवारी बोलणार आहे.

पाटीवरची, तिचे बूट गावी राहिलेत. नवे घेऊ का? आणि सराव सारसबागेच्या बाजूला असला तर साडेसातनंतर धायरीची बस कोणती? रिक्षाने एकटी पाठवणार नाही.

पाटीवरची
मातीचं मैदान असेल तर अनवाणीच खेळतात, मॅट असेल तर बूट लागतील. आधी मैदान ठरू दे, मग खरेदी. गुडघ्याचे पॅड मात्र आणा. पहिल्या दिवशी तुम्हीही या, थोडा वेळ बसा आणि मग निघून जा.

टेकडीवेडा
बस स्वारगेटहून धरा, सारसबागेहून चालत पंधरा मिनिटं. सिंहगड रोडला त्या वेळी गर्दी असते, साडेआठ धरून चला. मी वडगावला राहतो, माझी लेक त्याच वेळी स्वारगेटहून येते. तिला विचारून वेळ कळवतो.